अडतीस गुणांचा गॅरिंचा

#थ्रेड

दर चार वर्षांनी विश्वचषक जवळ आला की एक गोष्ट समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागते. १९५८ साली ब्राझीलच्या संघासोबत एक मानसशास्त्रज्ञ होता. त्याने खेळाडूंची बुद्धिमापन चाचणी घेतली, पेलेला बालिश ठरवले, गॅरिंचाला मंदबुद्धी ठरवले आणि दोघांनाही खेळवू नका, असे प्रशिक्षकाला सांगितले. प्रशिक्षकाने ऐकले नाही. ब्राझीलने विश्वचषक जिंकला.

गोष्ट ऐकून सगळे हसतात. मीही अनेकदा हसलो आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढ्या घाटदार गोष्टीचा थोडा संशय यायला हवा. या धाग्यात मला म्हणायचे आहे ते असे की, आपण चुकीच्या जागी हसतो, आणि म्हणूनच आज तीच चाचणी नव्या वेषात आपल्यासमोर येते तेव्हा ती आपल्याला ओळखू येत नाही. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

प्रथम त्या मानसशास्त्रज्ञाविषयी. त्याचे नाव जुआंव कार्वाल्यायस. हा कुणी प्रयोगशाळेतून बाहेर न पडलेला पुस्तकी विद्वान नव्हता. तो साओ पाउलो क्लबमध्ये काम करत असे, आणि त्या क्लबने १९५७ सालचे राज्य विजेतेपद पटकावले होते. त्याआधी त्याने पंचांच्या चाचण्या घेतल्या होत्या. मुष्टियुद्धाचे समालोचनही तो टोपणनावाने करी. म्हणजे क्रीडाक्षेत्राशी त्याचा संबंध जुना होता. मात्र त्याच्या चाचण्यांचे मूळ मैदानात नव्हते. साओ पाउलोच्या नगर-वाहतूक सेवेत चालकांची निवड करण्याचे काम तो करत असे. हा तपशील ध्यानात ठेवा, कारण माझ्या मते सगळी कथा याच एका वाक्यात दडलेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या आणि अपघात वाढले. अपघात घडवणारा चालक नेमणुकीपूर्वीच कसा ओळखावा, हा कंपन्यांपुढचा प्रश्न होता. हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी बॉस्टनच्या ट्रामचालकांसाठी प्रयोग रचले आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते मांडले. हलत्या चिन्हांकडे पाहून धोका कोणता आणि निरुपद्रवी काय, हे किती चटकन व किती बिनचूक ओळखता येते, असे त्यांचे स्वरूप होते. या शास्त्राला पुढे ‘सायकोटेक्निक्स’ हे नाव पडले. युरोपभर ते पसरले. स्पेनमधील यादवी युद्धानंतर परागंदा झालेले मनोवैज्ञानिक एमिलियो मिरा इ लोपेझ यांनी ते ब्राझीलमध्ये रुजवले. १९४७ साली रिओ दि जानेरो येथे त्यांच्या नेतृत्वाखाली व्यवसाय-निवडीची एक संस्थाच उभी राहिली.

आता विचार करा, उत्तम चालक कोणता? जो अनपेक्षित काही करत नाही. आखलेल्या रुळांवरून, ठरलेल्या वेळी, संयमाने गाडी नेतो तो. आणि उत्तम उजवा आघाडीपटू कोणता? ज्याच्या पुढच्या हालचालीचा कुणालाच पत्ता नसतो तो. एका कामासाठी घडवलेली फूटपट्टी दुसऱ्या कामाला लावली गेली होती. फूटपट्टी खोटी नव्हती, तिच्यावरच्या रेघाही बरोबर होत्या, फक्त तिने मोजायचे होते ते दुसरेच काही.

दुसरा धागा सैन्यातून येतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांची सामुदायिक बुद्धिमापन चाचणी घेतली. रॉबर्ट यर्क्स हे त्या उपक्रमाचे प्रमुख. अक्षरओळख असलेल्यांसाठी ‘अल्फा’, नसलेल्यांसाठी ‘बीटा’. अल्फामधील एका प्रश्नात क्रिस्टी मॅथ्यूसन हा कोण म्हणून प्रसिद्ध आहे, असे विचारले होते. लेखक, चित्रकार, बेसबॉलपटू की विनोदी नट? दोन वर्षांपूर्वी इटलीतून बोटीने उतरलेल्या मजुराला हे माहीत नसेल तर त्याची बुद्धी कमी! अशा आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली युरोपातील वंशांची बौद्धिक उतरंडच मांडली. १९३० साली त्यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. पण मधल्या काळात स्थलांतरावर निर्बंध आणणारा १९२४ चा कायदा होऊन गेला होता.

(जाता जाता: आपल्याकडेही हा प्रश्न आला होता. वि. वि. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० साली त्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना तिच्यातील प्रश्न बदलावे लागतात, ही साधी गोष्टच सांगते की त्या प्रश्नांत बुद्धीखेरीज आणखीही बरेच काही भरलेले असते. त्यावर स्वतंत्र धागा लिहायचा विचार आहे.)

आता पुन्हा ब्राझीलकडे. १९५८ साली त्या देशाला मानसशास्त्रज्ञ का हवासा वाटला?

१६ जुलै १९५०. माराकाना मैदान. घरच्या प्रेक्षकांसमोर ब्राझील उरुग्वेकडून २-१ असा हरला. या पराभवाचे खापर मुख्यतः तीन खेळाडूंवर फुटले: गोलरक्षक बार्बोसा, बचावपटू बिगोडे आणि जुव्हेनाल. तिघेही कृष्णवर्णीय. बार्बोसा यांना तर २००० साली मृत्यू येईपर्यंत लोकांनी क्षमा केली नाही. पुढे १९५४ साली बर्न येथे हंगेरीविरुद्ध ४-२ असा पराभव झाला आणि त्या सामन्यात अक्षरशः मारामाऱ्या झाल्या. त्यामुळे पदाधिकाऱ्यांत आणि वृत्तपत्रांत एक मत पक्के होत गेले: आमच्या खेळाडूंच्या पायांत जादू आहे, पण मन कच्चे आहे, दडपणाखाली ते कोसळतात. आणि ‘आमचे खेळाडू’ असे म्हणताना अनेकांच्या नजरेसमोर कोणत्या वर्णाचे खेळाडू होते, हे वेगळे सांगायला नको. नेल्सन रॉड्रिग्ज या नाटककार-पत्रकाराने १९५८ मध्येच देशाच्या या न्यूनगंडाला रस्त्यावरच्या बेवारस कुत्र्याची उपमा दिली होती. ती तिथल्या भाषेत आजही वापरली जाते.

अशा वातावरणात पथकप्रमुख पाउलो माशादो दि कार्व्हाल्यो यांनी स्वीडनच्या मोहिमेसाठी जय्यत तयारी केली. डॉक्टर, दंतवैद्य, शारीरिक प्रशिक्षक आणि मानसशास्त्रज्ञ असा लवाजमा त्या काळी नवलाचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘शास्त्र विरुद्ध प्रतिभा’ असा जो रंग या गोष्टीला दिला जातो तो इथेच उतरतो. १९५८ चा ब्राझील हा शास्त्राला झिडकारणारा संघ मुळीच नव्हता. तो त्या काळातील सर्वांत पद्धतशीर तयारीचा संघ होता.

या धाग्यातला माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हा. डॉ. हिल्टन गॉसलिंग आणि दंतवैद्य मारियो त्रिगो यांनी खेळाडूंना तपासले तेव्हा काय आढळले? बहुतेकांच्या पोटात जंत, आणि तोंडात किडलेले दात. देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटूंची ही स्थिती. वैद्यांनी ती पाहिली, तिला तिच्या नावाने ओळखले, औषधे दिली, दात काढले. गरिबीचे निदान गरिबी असेच झाले.

त्याच खेळाडूंपुढे कार्वाल्यायस यांनी कागद-पेन्सिल ठेवली. गॅरिंचाचे चरित्रकार रुय कास्त्रो यांच्या नोंदीनुसार त्याला १२३ पैकी ३८ गुण मिळाले. साओ पाउलोत बसचालकाच्या नोकरीसाठी लागणाऱ्या गुणांपेक्षाही कमी. (रुळांवरून आलेली फूटपट्टी आठवली?) गॅरिंचा पाउ ग्रांदे नावाच्या कापड गिरणीच्या गावातला. शाळेशी संबंध जुजबी, लहान वयात गिरणीत काम. दोन्ही पाय वाकडे. घराण्यात मूळ रहिवासी आणि आफ्रिकी अशा दोन्ही परंपरा. त्याचे एक चित्र प्रसिद्ध आहे: वर्तुळ, आणि त्याभोवती निघालेल्या रेघा. सूर्य का, असे विचारल्यावर त्याने म्हणे सांगितले, हे माझ्या क्लबातल्या कारेंतिन्याचे डोके. ही थट्टा होती की उत्तर, हे ठरवायला चाचणीत रकाना नव्हता.

एकाच वर्षी, एकाच मोहिमेसाठी, एकाच माणसांची ही दोन वाचने. दंतवैद्याने किडलेला दात पाहिला आणि ‘या मुलाला लहानपणी कुणी दवाखान्यात नेले नाही’ असा अर्थ काढला. मानसशास्त्रज्ञाने रिकामा रकाना पाहिला आणि ‘या मुलाला बुद्धी नाही’ असा अर्थ काढला. दोघांसमोर होते ते एकच: न मिळालेली शाळा, न मिळालेला दवाखाना. हसायचेच असेल तर इथे हसावे. पण मला इथे हसू येत नाही.

आता थोडी साधनचिकित्सा. कार्वाल्यायस यांच्यामुळे पेले आणि गॅरिंचा पहिल्या दोन सामन्यांत बाहेर बसले, हे विधान तपासून पाहिले तर टिकत नाही. पेलेचा गुडघा दुखावलेला होता. गॅरिंचाविषयी निवडकर्त्यांच्या मनात राग होता. मे महिन्याच्या अखेरीस फ्लोरेन्स येथे फिओरेंतिनाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने गोलरक्षकालाही चकवून झाल्यावर लगेच गोल न करता चेंडू रेंगाळवत ठेवला, बचावपटूला परत येऊ दिले, त्यालाही हुलकावणी दिली आणि मग चेंडू जाळ्यात नेला. गंमत म्हणून! विश्वचषकाच्या तोंडावर अशी गंमत कोणत्या प्रशिक्षकाला आवडेल? शिवाय प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांचे ते प्रसिद्ध उत्तर, की तुमचे म्हणणे बरोबर असेलही, पण तुम्हाला फुटबॉल कळत नाही, हे आपल्यापर्यंत मुख्यतः पेलेच्या आत्मकथनातून येते. विजेत्याने अनेक दशकांनंतर सांगितलेली आठवण हे साधन म्हणून मोलाचे असले, तरी ती विजेत्याची आठवण आहे. पराभव झाला असता तर हाच अहवाल ‘दुर्लक्षित इशारा’ म्हणून गाजला असता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण सांगताना आनंद होतो. ऑस्ट्रियाविरुद्ध ३-० असा विजय, मग इंग्लंडशी ०-०. विश्वचषकाच्या इतिहासातील पहिला गोलशून्य सामना. सोव्हिएत संघाविरुद्धचा सामना निर्णायक ठरला. १५ जून १९५८, गोटेनबर्ग. सोव्हिएत गोलात लेव्ह याशिन. ब्राझीलच्या संघात झिटो, पेले आणि गॅरिंचा आले. सामना सुरू होताच गॅरिंचाने उजव्या बगलेतून मुसंडी मारली, फटका खांबावर आदळला. पाठोपाठ पेलेचा फटका आडव्या दांडीवर. तिसऱ्या मिनिटाला व्हावाने गोल केला. फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो यांनी त्या प्रारंभाला फुटबॉलच्या इतिहासातील सर्वोत्तम तीन मिनिटे म्हटले. सामना २-० असा संपला. २९ जूनला अंतिम सामन्यात यजमान स्वीडनवर ५-२ अशी मात. सतरा वर्षांच्या ‘बालिश’ मुलाचे त्यात दोन गोल. पेले आणि गॅरिंचा दोघेही मैदानात असताना ब्राझील कधीही हरला नाही.

मग खेळाडूंच्या बुद्धीची चाचणी घेऊच नये का? असे मी म्हणत नाही.

कीव्हचे उदाहरण घ्या. व्हालेरी लोबानोव्स्की हा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला प्रशिक्षक आणि त्याचा सहकारी अनातोली झेलेंत्सोव्ह यांनी १९७० च्या दशकापासून डायनामो कीव्हच्या खेळाडूंना प्रयोगशाळेत बसवले. पडद्यावर सरकणारा ठिपका, चौकटींत क्षणभर दिसणारे आकडे, प्रतिक्रियेचा वेग, स्मरण, एकाग्रता. सायमन कूपर या पत्रकाराने पुढे त्या प्रयोगशाळेत स्वतः बसून त्या चाचण्या दिल्या आणि त्यांचे वर्णन लिहिले. डायनामोने १९७५ आणि १९८६ साली युरोपीय कप विनर्स कप जिंकला, तेव्हा या पद्धतीला निव्वळ भंपक म्हणता येणार नाही. पण इथला फरक पाहा: कीव्हची फूटपट्टी फुटबॉलसाठी तयार झाली होती, आणि ती धरणारा माणूस स्वतः मैदानात उभा राहणारा होता.

मग २०१२ साल. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील टोरबियोर्न व्हेस्टबर्ग, प्रेड्राग पेत्रोविच आणि सहकाऱ्यांनी स्वीडनच्या वरच्या व खालच्या श्रेणीतील ५७ खेळाडूंची ‘कार्यकारी क्षमता’ तपासली. म्हणजे वेळेच्या मर्यादेत नवे पर्याय सुचणे, चुकीची प्रतिक्रिया ऐनवेळी रोखणे, नियम बदलला की आपणही बदलणे. त्यातील एका चाचणीत चौकटीतील ठिपके रेघांनी जोडून नवनव्या आकृत्या काढायच्या असतात. एकदा काढलेली पुन्हा काढायची नाही. खेळाडू सर्वसामान्यांपेक्षा सरस ठरले, वरच्या श्रेणीचे खेळाडू खालच्या श्रेणीपेक्षा सरस ठरले, आणि ज्यांचे गुण अधिक त्यांचे पुढील हंगामांतील गोल व साहाय्येही अधिक, असा संबंध आढळला. ही चाचणी सामान्यज्ञान विचारत नाही, भाषा फारशी मागत नाही. कार्वाल्यायस यांच्यापेक्षा हे खूप पुढचे पाऊल आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आणि २०२५ मध्ये याच गटाने आणखी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला: दोनशेहून अधिक अव्वल खेळाडू, त्यांच्या तुलनेला सामान्य नागरिक, आणि दोघांतला फरक ओळखणारी संगणकीय प्रणाली. खेळाडू कोणत्या देशांचे? ब्राझील आणि स्वीडन. १९५८ च्या अंतिम सामन्यातले दोन्ही देश! योगायोग आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे योगायोग सुचल्यावाचून राहत नाहीत.

तरीही माझी एक शंका आहे, आणि तिचे उत्तर बुद्धिबळाच्या इतिहासात आहे. आद्रियान दे ग्रोट या डच मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात बुद्धिबळपटूंना चालू डावातील पट काही सेकंद दाखवला आणि आठवणीने पुन्हा मांडायला सांगितला. निष्णात खेळाडूंनी तो जवळपास बिनचूक मांडला. त्यांची स्मरणशक्ती अफाट, असे वाटले. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून तोच प्रयोग केला. निष्णातांचे श्रेष्ठत्व जवळजवळ मावळले. म्हणजे त्यांच्याजवळ जे होते ते ‘स्मरणशक्ती’ नावाचे सुटे भांडवल नव्हते. ते त्या खेळाच्या रचनांशी बांधलेले ज्ञान होते. पटावरून ते उचलले की हाती उरत नव्हते.

गॅरिंचाचे तसेच होते. तो बहुधा एकच हुलकावणी देई: शरीर डावीकडे, चेंडू उजवीकडे. प्रतिस्पर्ध्याला ती पाठ असे. तरी तो फसे, कारण ती ‘केव्हा’ येणार हे फक्त गॅरिंचाला ठाऊक असे. समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे, हे वाचणारी ती बुद्धी होती. ठिपके जोडण्याच्या कागदावर ती उतरली असती का? मला वाटत नाही. समोर बचावपटूचा पाय नसेल तर वाचायचे काय?

दुसरी शंका कार्यकारणाची. अव्वल खेळाडूंचे गुण अधिक येतात, हे मान्य. पण बुद्धीमुळे ते अव्वल झाले, की वर्षानुवर्षे उत्तम प्रशिक्षण, आहार आणि झोप मिळाल्याने बुद्धी तल्लख राहिली, की ज्यांना निवडले गेले तेच मोजायला उरले? जर्मनीतील होफेनहाइम क्लबच्या खेळाडूंवरील २०२० च्या अभ्यासात असे आढळले की या क्षमता मुलांच्या वयानुसार वाढतात, जशा इतर मुलांतही वाढतात. उच्च दर्जाचा फुटबॉल अधिक वर्षे खेळल्याने त्यांत विशेष भर पडताना दिसली नाही. तेव्हा बारा वर्षांच्या मुलाच्या गुणांवरून विसाव्या वर्षाचे भाकीत करताना जरा दमाने घ्यावे.

हे सारे मला का सलते, तेही सांगतो. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींचे सामने पाहत लहानाचा मोठा झालो. शाळेच्या संघात मी राखीव गोलरक्षक होतो, म्हणजे बहुतेक वेळ बाहेर बसून इतरांचा खेळ पाहण्याची सोय. आमच्यात एक मधल्या फळीतला मुलगा होता. चेंडू येण्याआधी त्याची मान दोनदा वळायची, आणि चेंडू आला की तो कुठे जाणार हे ठरलेले असायचे. एका खासगी निवड शिबिरात मैदानावरच्या खेळानंतर आम्हाला टॅब्लेटवर ‘मानसिक चपळते’ची चाचणी दिली गेली. सूचना इंग्रजीत, वेळ मोजून. त्याने पहिली सूचना तीनदा वाचली. तोवर पहिला भाग संपला होता. मी त्या चाचणीत त्याच्यापेक्षा बराच वर आलो. मी! ज्याला सरळ येणारा चेंडूही छातीवर आदळल्यावर कळायचा.

त्याला कमी गुणांमुळेच वगळले, असे मी सिद्ध करू शकत नाही. कारण आम्हाला कुणालाच कारण सांगितले गेले नाही. आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे. १९५८ साली एक फेओला होता, ज्याच्याकडे अहवाल नाकारण्याचा अधिकार होता आणि नाकारण्याइतका आत्मविश्वासही. शिबिरात आकडा थेट यादीत जातो. मध्ये ‘तुम्हाला फुटबॉल कळत नाही’ असे म्हणणारे कुणी नसते.

म्हणून अशी चाचणी घेणाऱ्या प्रत्येक अकादमीला आणि शिबिराला तीन प्रश्न विचारले जावेत, असे मला वाटते. ही फूटपट्टी मुळात कशासाठी तयार झाली? तिच्या सूचना मुलाच्या भाषेत आहेत का? आणि आलेल्या गुणांचे पुढे काय होते, हे मुलाला व त्याच्या पालकांना सांगितले जाते का? त्या गुणांनी मुलाचा सराव ठरत असेल तर माझी काही हरकत नाही. कीव्हमध्ये तसेही होत असे. त्यांनी दार बंद होत असेल तर मात्र आहे.

तो मित्र आजही रविवारी खेळतो. मान अजून दोनदा वळते.

पुढचा धागा बार्बोसावर, म्हणजे १९५० च्या त्या गोलरक्षकावर. या धाग्यात तपशिलाची चूक आढळल्यास प्रतिसादात जरूर सांगा. दुरुस्ती इथेच खाली जोडेन.